बासष्ट दुकानांत एकच मिशी

लोक पासवर्ड विसरतात म्हणून माझं घर चालतं. हसू नका, खरं तेच सांगतेय. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर शिंप्यांसाठी आहे. गिऱ्हाइकाची मापं, कपडा कधी द्यायचा ती तारीख, खिसे किती, अस्तर कुठलं, सगळं त्यात लिहून ठेवायचं. वही नको, चिठ्ठी नको. आणि शिंपी माणूस असा, की पंधरा वर्षांपूर्वी शिवलेल्या विजारीची कंबर त्याला तोंडपाठ असते, पण काल ठेवलेला पासवर्ड आज आठवेल तर शपथ. मग तो फोन करतो. फोन मी उचलते.

आठ वर्षं हेच चाललंय. फोन लावला की आधी यंत्रातली बाई सांगते, 'मदतीसाठी एक दाबा.' एक दाबलं की मी. म्हणून शिंपी मला मदतताई म्हणायला लागले आणि ऑफिसातही तेच नाव चिकटलं. माझं टेबल सर्व्हरच्या खोलीला लागून. तिथला एसी इतका मारतो, की मी बारा महिने नवऱ्याचा जुना स्वेटर घालून बसते. एकदा तक्रार केली तर म्हणाले, यंत्रं तापून चालत नाहीत. बाई गारठून चालते!

नवरा ट्रक चालवायचा. पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून घरी आहे. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मिळवती मी एकटी, वय सत्तेचाळीस, आणि येतं काय तर लोकांचं ऐकून घेणं. या वयात दुसरी नोकरी शोधायची म्हणजे काय, ते ज्याने शोधलीय त्यालाच विचारा.

तर एका सोमवारी आमच्या साहेबाने सगळ्यांना उभं केलं. साहेब म्हणजे कंपनीचा मालक, वय एकतीस. बसून मीटिंग घेतली की लोक फार बोलतात म्हणे, म्हणून आमच्याकडे मीटिंग उभ्याने होते. बोलतो तो एकटाच, पण पाय सगळ्यांचे दुखतात.

"मित्रांनो," साहेब म्हणाला, "पासवर्ड मेला!"

"कुणाचा?" मी विचारलं. सवयच आहे ती.

सगळे हसले. साहेब नाही हसला. त्याचं म्हणणं असं होतं, की जगात आता कुणाला पासवर्ड नकोय. ती जी एक बडी कंपनी आहे, तिचं खातं प्रत्येकाच्या फोनमध्ये असतंच. आपण आपल्या पानावर तिचं बटण लावायचं. शिंप्याने बटण दाबलं की बडी कंपनी आपल्याला सांगणार, 'मी ओळखते याला, येऊ द्या आत.' की उघडलं दार. म्हणजे शेजारीण ओळखते म्हटली, की आपण घरात घ्यायचं. पण हे मी बोलले नाही, कारण तेवढ्यात त्याचं पुढचं वाक्य आलं.

"मदतताईंना दिवसाला सत्तर फोन येतात. त्यातले साठ पासवर्डचे! बटण आलं की महिन्याभरात हा आकडा दहाच्या खाली येईल. आणि दहाच्या खाली आला, की मदतकक्षाची आपल्याला गरजच उरणार नाही!"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मदतकक्ष म्हणजे मी, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

बटण लावण्याचं काम ढगवाल्याकडे होतं. ढगवाला आमचा मुख्य इंजिनिअर. काहीही विचारा, 'ते वर ढगात आहे' असं सांगतो, म्हणून ते नाव. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण आठ वर्षांत एका शिंप्याशी बोलला असेल तर मला आणून दाखवा.

मला वाटलं होतं, एक बटण म्हणजे काय, संध्याकाळपर्यंत लागेल. कसलं काय! बड्या कंपनीकडे आधी आपली नोंद करायची. तिचा फॉर्म भरायचा. तुम्ही कोण, तुमचं चिन्ह कुठलं, लोकांची माहिती घेऊन काय करणार, ते नियमांचं पान दाखवा. आमच्याकडे नियमांचं पानच नव्हतं. ढगवाल्याने ते दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचं उचललं आणि चिकटवलं. पंधरा दिवसांनी मी ते वाचलं. 'आपल्या पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे,' असं आम्ही तमाम शिंप्यांना लिहून दिलं होतं.

मग बटणावर काय लिहायचं यावर नऊ दिवस गेले. 'आत या' की 'प्रवेश करा'? साहेबाला 'आत या' घरगुती वाटत होतं, जाहिरातवाल्या बाईला 'प्रवेश करा' सरकारी वाटत होतं. दहाव्या दिवशी ढगवाल्याने सांगितलं, की बटणावर काय लिहायचं, रंग कुठला, गोलाई किती, हे सगळं बडी कंपनीच ठरवते. आपल्याला फक्त लावायचंय. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

बटण लागलं तर चालेना. बड्या कंपनीचं लाल पान यायचं, 'परतीचा पत्ता जुळत नाही.' दोन दिवस ढगवाला केस उपटत बसला. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन त्याच्यामागून जात होते. शिंप्यांकडून अशी लाल पानं वाचून घेण्यातच माझी हयात गेलीय, मी उभी राहून वाचलं. "अरे, फॉर्ममध्ये पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे, इथे नाहीये बघ," मी म्हटलं. त्याने रेघ टाकली. चाललं. "मी तेच बघणार होतो," तो म्हणाला. संध्याकाळी साहेबाने सगळ्यांदेखत ढगवाल्याची पाठ थोपटली. मी माझ्या थंडीत बसून होते. राग आला. भयंकर राग आला, उगाच का लपवू.

त्याच आठवड्यात ढगवाल्याने सगळ्यांना योजना समजावून सांगितली. अर्थात उभ्याने. "आपल्याकडे प्रत्येक खात्यात मेलचा पत्ता आहे. बड्या कंपनीकडूनही पत्ता येणार. दोन्ही जुळले की तोच माणूस. आता समजा एकाच पत्त्यावर जास्त खाती सापडली, तर तो एकच माणूस आहे आणि त्याने पासवर्ड विसरून परत परत खाती उघडलीत, असं धरायचं. ती सगळी एकत्र करायची. सफाई!"

मला बटणकाका आठवले.

बटणकाका कोण ते सांगते. आमची सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं एकाच गल्लीत आहेत. लांबच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना शिलाईची दुकानं, एकूण बासष्ट. गल्लीच्या तोंडाशी बटणं, रिळं, चेन विकणाऱ्या काकांचं दुकान. मोठ्ठी मिशी, मोठ्ठा आवाज. गल्लीत पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला, म्हणून आमची बासष्ट खाती त्यांनीच उघडून दिली. फॉर्म मेलचा पत्ता मागत होता. शिंप्यांकडे कुठला पत्ता? काकांनी सगळीकडे आपला टाकला. पुढे प्रत्येकाने फोन घेतला. नवा फोन सुरू करताना त्या बड्या कंपनीचं खातं मागतो. काकांनी तिथेही आपलंच टाकलं. गल्लीतल्या कुणाच्याही फोनमध्ये बघा, काकांच्या नातवाचे फोटो आपोआप येऊन पडायचे. कुणाला काही वाटायचं नाही. नातू गोड होता.

आणि यात अडत काहीच नव्हतं. कुणी पासवर्ड विसरला, की नवा पासवर्ड काकांच्या मेलवर जायचा. मी काकांना फोन करायची, "काका, कोटमास्तरांचा आलाय बघा." काका दुकानातूनच हाळी द्यायचे, आणि ती हाळी बासष्ट दुकानांतून पुढे पुढे जात मास्तरांपर्यंत पोचायची. कुणाचा पासवर्ड काय ते अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचं. सात-आठ वर्षांत एकही गडबड झाली नव्हती.

हे कंपनीत फक्त मला माहीत होतं. मी हात वर केला.

"मदतताई, प्रश्न शेवटी," साहेब म्हणाला.

ठीक आहे, शेवटी. पाय दुखेपर्यंत उभी राहिले. साहेबाने परत आकडा सांगितला, दहाच्या खाली, दहाच्या खाली. आणि मग, हे मला त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, शेवटी त्याने खरंच विचारलं. "बोला मदतताई, काय म्हणत होतात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ढगवाला घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "काही नाही."

घरी येताना मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ते इंजिनिअर आहेत, बघतील. चाचणी करतील, कळेल. माझं काम फोन उचलण्याचं आहे, अक्कल शिकवण्याचं नाही. पण खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. सगळं सुरळीत झालं तर मी घरी बसणार. गोंधळ झाला तर फोन वाजणार. मी कुणाचं काही तोडलं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. रात्री नवऱ्याने विचारलं, "आज गप्प का गं?" मी म्हटलं, "पाय दुखतायत."

आता कोटमास्तरांचं सांगायला हवं.

गल्लीच्या शेवटचं दुकान त्यांचं. फक्त कोट शिवतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मला ते प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते, पण आठ वर्षांत जितकं त्यांच्याशी बोलले तितकं सख्ख्या भावाशी बोलले नसेन. सुरुवातीला सॉफ्टवेअर घ्यायला मुळीच तयार नव्हते. पन्नास वर्षांच्या चार जाडजूड वह्या होत्या त्यांच्याकडे. मी सहा महिने मागे लागले. मग फोनवर ते वाचायचे आणि मी टाकायची, रोज दुपारी थोडं थोडं. नुसती मापं नसायची ती. 'डावा खांदा अर्धा इंच खाली, भरणी घालणे.' 'बसून काम, पाठ एक बोट सैल.' एका शाळामास्तरांच्या मापाखाली लिहिलं होतं, 'उजवा हात आखूड. बाही बेताने धरणे. त्यांना सांगू नये.' ज्याचं त्याचं वाकडेपण मास्तरांना माहीत, आणि त्यांच्या कोटात ते कुणाला दिसायचं नाही. लोक दुसऱ्या गावी राहायला गेले तरी फोनवर कोट सांगायचे.

सगळं टाकून झालं तेव्हा मास्तरांनी विचारलं, "या वह्यांचं काय करू गं?"

"रद्दीत द्या मास्तर," मी म्हटलं होतं. "वाळवी लागेल नाहीतर. आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे."

त्यांनी दिल्या.

बटण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मास्तरांचा फोन आला. "मदतताई, उद्यापासून म्हणे पासवर्ड बंद. कसलंसं बटण आलंय. दाबू ना? काही इकडचं तिकडे नाही ना व्हायचं? तू सांगशील तसं."

फोन कानाशी धरून मी मान वर केली. समोर ढगवाला कुणाशीतरी हसत होता. अजून वेळ होता. उठून दहा पावलं गेले असते तरी पुरलं असतं.

"दाबा मास्तर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी पहिला फोन. बटणकाका.

"मदतताई! अगं, माझ्याकडे नऊ हजार गिऱ्हाइकं कुठून आली? मी बटणं विकतो!"

दुसरा फोन गल्लीतल्या ब्लाउजवाल्या बाईंचा. "ताई, माझ्या दुकानाच्या फोनवर काकांची मिशी का येतेय? वर लिहिलंय, 'स्वागत आहे.' माझ्याच दुकानात हे माझं स्वागत करणार?"

मग धरण फुटल्यासारखे फोन. बासष्ट दुकानं, बासष्ट फोन, प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात गोलात बसलेली तीच मिशी. बासष्ट जण काका होऊन आत गेले होते आणि बासष्ट दुकानांची गिऱ्हाइकं एका ढिगात पडली होती. एवढ्यावर थांबलं असतं तरी निस्तरलं असतं. पण ढगवाल्याच्या सफाईने एक जास्तीचं पुण्यकर्म केलं होतं. सारख्या नावाची गिऱ्हाइकं दिसली की तीही एकच समजून एकत्र करायची.

आता आमचे शिंपी गिऱ्हाइकाचं नाव काय लिहितात? 'वकीलसाहेब.' 'बँकेतले.' 'वरच्या मजल्यावरच्या बाई.' 'जाड्या.' बहुतेक दुकानांत एखादे वकीलसाहेब, एखादे बँकेतले, नाहीतर एखादा जाड्या. सत्तेचाळीस वकिलांचा मिळून एक वकील झाला. त्याची कंबर एकाची, छाती दुसऱ्याची, हात तिसऱ्याचे. एकोणतीस जाड्यांचा एक जाड्या झाला, आणि यंत्राने सगळ्यात शेवटी भरलेलं माप खरं धरलं. ते एका पोराचं होतं, ज्याला गंमत म्हणून जाड्या म्हणायचे. खालच्या टिपांची तर निराळीच तऱ्हा. बासष्ट दुकानांतली जी टीप सगळ्यात लांब, ती ठेवली, बाकीच्या पुसल्या.

"जुनी प्रत असेल ना?" साहेबाने विचारलं. तो बसला होता. पहिल्यांदाच.

"आहे," ढगवाला म्हणाला, "रोज पहाटे नवी प्रत होते. ढगात." मग त्याचा चेहरा उतरला. सफाई रात्री झाली होती. पहाटेची नवी प्रत सफाईनंतरची. आणि नवी झाली की जुनी पुसायची, ही सफाईसुद्धा त्याचीच.

त्या दिवशी मी चारशे बारा फोन घेतले. घसा बसला. लोक ओरडले, रडले, एकाने तर माझी आई-बहीण काढली. आणि तरी, देवाशप्पथ सांगते, आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी फोनवर एकेका शिंप्याला नावाने ओळखत होते, कुणाच्या दुकानात कोण बँकेतले ते सांगत होते, कागदावर ओळी मारत होते. तो ऐकत राहिला. असं ऐकताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी परत सगळे उभे. साहेब म्हणाला, या प्रसंगाने आपल्याला पुष्कळ शिकवलं. वापरणारे लोक आपण धरले होते तसे वागले नाहीत, हा त्यांचा दोष, पण आपण त्यांना समजून घेतलं पाहिजे. आणि त्यांना समजून घेणारी एकच व्यक्ती आपल्याकडे आहे. मदतकक्ष बंद होणार नाही. उलट मोठा होणार. मदतताई आजपासून विश्वासप्रमुख! माझ्या हाताखाली दोन मुली दिल्या. दारावर पाटी लागली. टेबल सर्व्हरच्या खोलीपासून उचलून खिडकीपाशी आणलं. ढगवाला टाळ्या वाजवत होता, वाजवायच्या म्हणून.

घरी सांगितलं तर नवऱ्याचे डोळे भरून आले. "बघ, तुझ्या मेहनतीचं चीज झालं," तो म्हणाला. मुलीने गळ्यात हात टाकले. मी आत जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

मोठी दुकानं हळूहळू सावरली. शिंप्यांनी गिऱ्हाइकांना परत बोलावलं, परत मापं घेतली. पण कोटमास्तरांचा फोन येत नव्हता. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी पण केला नाही. नंबर काढायची, आणि फोन ठेवून द्यायची.

दहाव्या दिवशी आला. हाताखालच्या मुलीने घेतला आणि माझ्याकडे दिला. "मदतताईच हव्यात म्हणतायत."

"मदतताई," आवाज बारीक झाला होता. "अगं, एक विचारायचं होतं. ते शाळामास्तर आपले. दूर गावी असतात. त्यांचा कोट पाठवला होता, तो परत आला. उजवी बाही बोटांवर येते म्हणाले. मी बटण दाबलं तेव्हा माप चांगलं समोर दिसत होतं गं. मला वाटलं, तेच असेल. आता पूर्वीसारखं तोंडपाठ राहत नाही, आणि गल्लीत ओरड झाली तोवर कापड कापून झालं होतं." मग म्हणाले, "पन्नास वर्षांत कोट परत आला नव्हता."

"मी येते मास्तर," एवढंच म्हटलं.

शनिवारी गेले. गल्ली पहिल्यांदाच बघत होते. तोंडाशी काकांचं दुकान. मिशी फोटोत दिसते त्याहून पांढरी. मी आपली ओळख न देता पुढे गेले. शेवटचं दुकान अरुंद, आत एक लांब टेबल, त्यावर खडूने आखलेलं काळं कापड, भिंतीवर खुंटीला परत आलेला कोट. मास्तर म्हणजे एवढेसे गृहस्थ, गळ्यात टेप, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. मी "मास्तर" म्हटलं तशी त्यांनी मान वर केली.

"आवाज ओळखला!" ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला पळून जावंसं वाटलं. स्टूल पुसून दिलं. शेजाऱ्याकडून चहा मागवला. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी टेबलाखालून एक नवी कोरी वही काढली, जाड पुठ्ठ्याची, रेघांची.

"परत वहीच धरली," ते म्हणाले. "निम्मी गिऱ्हाइकं आता फिरकायची नाहीत. काही दूर आहेत, काही अंथरुणाला खिळलीत. त्यांची मापं गेली ती गेली. पण येतील तेवढ्यांची लिहीन. अजून एक अक्षर घातलेलं नाही हिच्यात. म्हटलं, पहिलं माप तुझं. तू म्हणायचीस ना, ऑफिसात थंडी फार, नवऱ्याचा स्वेटर घालते म्हणून? उभी राहा. कोट शिवतो तुला."

"अहो मास्तर, नको. खरंच नको. आता माझं टेबल..." मला पुढे सांगता आलं नाही की माझं टेबल आता खिडकीपाशी उन्हात आहे.

"नको काय? आठ वर्षं ऐकून घेतलंस माझं. ऊठ. हात जरा वर कर."

मी हात वर केला. त्यांनी बाहीवर टेप धरला, वहीत लिहिलं. अक्षर थरथरत होतं, पण सुरेख होतं.

"लोक मला म्हणतात, तुमच्या त्या मदतताईनेच तुम्हाला बुडवलं," ते म्हणाले. "मी म्हटलं, गप्प बसा. तिला आपली गल्ली माहीत आहे. तिने तिकडे सांगितलं असणार, दहा वेळा सांगितलं असणार. मोठे लोक कुठे ऐकतात. सांगितलं होतंस ना गं?"

खुंटीवरचा कोट माझ्या अगदी समोर होता. उजवी बाही खाली लोंबत होती, डावीइतकीच. सांगून टाकावं, असं खरंच मनात आलं. म्हणावं, मास्तर, मला माहीत होतं. मला विचारलंसुद्धा होतं, आणि मी 'काही नाही' म्हणाले. मी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"अंहं, आता बोलू नकोस," मास्तर माझ्या मागे गेले, आणि दोन्ही खांद्यांवर त्यांची बोटं टेकली. "खांद्यांचं माप घेताना बोललं की खांदे हलतात. जरा वेळ गप्प उभी राहा."

मी गप्प उभी राहिले.

"वा," ते म्हणाले, आणि वहीत लिहायला वाकले. "किती छान राहतेस गं गप्प. नाहीतर लोकांना जमतच नाही."